पाथेय कोणाचे?

प्रवासास निघताना वाटेत खाण्यासाठी जे अन्न बरोबर घ्यावयाचे त्याला संस्कृतात ‘पाथेय’ असे स्वतंत्र नाव आहे. मराठीत आपण त्याला शिदोरी म्हणतो. ज्या वस्तूस भाषेने स्वतंत्र नाव द्यावे तिचे माणसाच्या आयुष्यात काही महत्त्व असले पाहिजे, हे उघड आहे. पण या शिदोरीचा विचार आपण सामान्यतः कोणत्या सदरात करतो? व्यवहाराच्या. दूरदर्शी मनुष्य शिदोरी नीट बांधतो, गाफील मनुष्य बांधीत नाही; पहिल्यास आपण शहाणा म्हणतो आणि दुसऱ्यास वेंधळा. दुसऱ्यास दुष्ट म्हणावे असे कोणाच्या मनातही येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये हा उपदेश आपण मुलांस करतो तो शहाणपणाचा म्हणून. सत्य बोलावे, परधनास हात लावू नये, या उपदेशांच्या पंक्तीस त्याला कोणी बसवीत नाही.

त्याला त्या पंक्तीस बसवावे की नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. पूर्वतयारी ही केवळ चातुर्याची बाब आहे, की तिच्यात नीतीचाही काही अंश आहे? जो मनुष्य अपुऱ्या तयारीनिशी संकटात उडी घेतो तो फक्त आपलेच नुकसान करून घेतो, की आणखी कोणाचा अपराधही करतो?

नगरात बसून या प्रश्नाचे उत्तर शोधणे कठीण आहे. तेथे आपली कमतरता दुसऱ्या कोणाच्या तरी तयारीने झाकली जाते. घरात साखर नसली तर दुकानात असते. दुकानदाराने ती आधी आणून ठेवली आहे, याचे आपणांस स्मरणही राहत नाही. वाळवंटात हे पडदे गळून पडतात. तेथे पाण्याचा प्रत्येक घोट कोणी आणला, कोठून आणला, कोणाच्या वाट्याचा आणला, हे उघड दिसते. म्हणून वाचकांस माझ्याबरोबर थोडा वेळ ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात येण्याची मी विनंती करतो. तो प्रदेश ओलांडण्याचे जे यत्न गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत झाले त्यांची हकीकत प्रवाशांच्या रोजनिशांत, ग्रंथांत आणि सरकारी चौकश्यांच्या कागदांत नोंदलेली आहे. त्यामुळे हवेत बोलण्याचा प्रसंग येणार नाही.

१८५९ साली जॉन स्टुअर्ट मिल्ल याचा स्वातंत्र्यावरील प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला. ज्या कृत्याचा परिणाम कर्त्यापुरताच मर्यादित आहे त्यात समाजाने हात घालू नये, हे त्याचे मुख्य सूत्र सुशिक्षितांस परिचित आहे. त्यानंतर एकाच वर्षाने, २० ऑगस्ट १८६० रोजी, रॉबर्ट बर्क याच्या नेतृत्वाखाली एकोणीस माणसांचा तांडा मेलबर्नहून उत्तरेच्या समुद्राकडे निघाला. मिल्लच्या सूत्रास इतकी कठोर कसोटी लवकर मिळाली नसेल. साहस कोणाचे आणि परिणाम कोणाचा, याची फारकत त्या सफरीत पहिल्या आठवड्यापासून दिसू लागली.

सामानाची वाण होती असे कोणी म्हणू नये. तेवीस घोडे होते, सहा गाड्या होत्या, सुमारे वीस टन सामान होते. त्यात मेज होते, खुर्च्या होत्या, आकाशबाण होते. वाळवंटास योग्य म्हणून मुद्दाम उंटही आणविले होते. त्यांतील बहुतेक उंट तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या कराची बंदरातून जहाजाने गेले, आणि त्यांना हाकण्यासाठी आपल्याकडची माणसेही गेली. त्यांत सामला नावाचा एक हिंदू होता. तांड्याच्या शिधापेटीत त्याला धर्माने वर्ज्य असलेले गोमांस होते. त्याला चालेल असे काही कोणी बांधून घेतले नव्हते. काही दिवसांतच सामलाने रजा मागितली आणि तो परत फिरला. सफरीच्या इतिहासात ही बाब एखाद्या ओळीची आहे. पण माझ्या मते सगळ्या सफरीची कुंडली त्या ओळीत आहे. वीस टन सामानाची यादी ज्यांनी केली त्यांच्या मनात वस्तू होत्या. त्या वस्तू ज्यांच्या पोटात जावयाच्या ती माणसे नव्हती.

पुढील हकीकत दुःखद आहे. वाटेत सामान टाकीत, माणसे मागे ठेवीत बर्क कूपर क्रीक या ठिकाणी पोहोचला. तेथे ब्राहे नावाच्या सहकाऱ्यास ठाण्यावर ठेवून, विल्स, किंग आणि ग्रे या तिघांसह तो १६ डिसेंबर १८६० रोजी पुढे निघाला. शिधा तीन महिन्यांचा घेतला आणि ब्राहेस तीन महिने वाट पाहण्यास सांगितले. ब्राहेने चार महिन्यांहून अधिक वाट पाहिली. परतीच्या वाटेत ग्रे मरण पावला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ रोजी संध्याकाळी ठाण्यावर आले, तो ब्राहे त्याच दिवशी सकाळी निघून गेलेला. झाडाच्या खोडावर खूण कोरून थोडा शिधा त्याने पुरून ठेवला होता. तिघांनी तो काढला आणि आपली चिठ्ठी तेथे पुरली. पण झाडावरच्या खुणेत काही फेरफार केला नाही. काही दिवसांनी ब्राहे पुन्हा येऊन पाहून गेला. त्याला वाटले, कोणी आलेच नाही.

ही केवळ दैवाची क्रूर थट्टा म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. पण नऊ-दहा तासांची ती चुकामूक आकाशातून पडली नव्हती. तीन महिन्यांच्या शिध्यावर चार महिन्यांचा प्रवास करावयाचा, या हिशेबातून ती निघाली होती. आणि त्या हिशेबाची किंमत ज्या ग्रेने प्रथम मोजली त्याने तो हिशेब केलेला नव्हता. मिल्लचे सूत्र येथे लागू पडत नाही, ते याच कारणाने. माझा जीव, माझी मर्जी, असे म्हणणाऱ्याच्या मागून चालणारे, त्याची वाट पाहणारे आणि त्याला शोधावयास येणारे असे तिघेजण बहुधा असतातच. वाळवंटात एकट्याचे साहस असे काही नसते.

परंतु या सफरीत आणखीही एक गोष्ट आहे, आणि तिच्यामुळे आपला प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. कूपर क्रीकचा प्रदेश ओसाड नव्हता. यांद्रुवांधा जमातीचे लोक तेथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. या तीन उपाशी परक्यांस त्यांनी मासे दिले, नार्डू नावाच्या वनस्पतीपासून केलेली भाकरी दिली. पुढे काही कुरबूर झाली तेव्हा बर्कने पिस्तूल झाडले आणि ते लोक दुरावले. जूनच्या अखेरीच्या सुमारास बर्क आणि विल्स दोघेही मरण पावले. किंग मात्र त्या लोकांकडे गेला, त्यांच्यात राहिला, आणि सप्टेंबरात शोधपथक आले तेव्हा जिवंत सापडला. त्याची स्वतःची शिदोरी संपली होती. तो दुसऱ्याच्या शिदोरीवर जगला. मग त्यानेही परधन घेतले म्हणावयाचे काय? नाही. त्याने मागितले आणि त्यांनी दिले. परावलंबन हा दोष असता तर आपणांपैकी कोणीच निर्दोष ठरणार नाही. दोष कोठे आहे हे पाहण्यासाठी आणखी पस्तीस-पंचेचाळीस वर्षे पुढे, पश्चिमेकडच्या वाळवंटात गेले पाहिजे.

१८९६ आणि १८९७ या वर्षांत डेव्हिड कार्नेगी हा संशोधक कूलगार्डीहून हॉल्स क्रीकपर्यंत वाळूच्या टेकड्या तुडवीत गेला आणि परत आला. पाणी कोठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तेथील मूळ रहिवाशांस ठाऊक होते. त्याने त्यांना पकडले, बांधून बरोबर नेले, आणि ते पाण्याकडे जात नाहीत असे वाटले तेव्हा खारे मांस खाऊ घालून त्यांची तहान वाढविली, म्हणजे तहानेने ते आपल्या झऱ्याकडे वळतील. ही हकीकत १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने स्वतःच, फारशी न लाजता, लिहून ठेविली आहे.

त्याच्या मागून आला आल्फ्रेड कॅनिंग. हा भूमापक होता, शिस्तीचा होता. अव्यवस्थित तयारीचा आरोप त्याच्यावर त्याच्या शत्रूनेही केला नसता. उत्तरेकडील किंबर्ली प्रांतात गुरे विपुल होती, दक्षिणेकडील सोन्याच्या खाणींवर मांसाला मागणी होती. पण पूर्व किंबर्लीच्या गुरांना गोचिडीचा उपद्रव असल्यामुळे ती जहाजाने दक्षिणेस नेण्यास बंदी होती. गुरे वाळवंटातून हाकीत नेली तर गोचीड वाटेत मरून जाईल, अशी कल्पना निघाली. त्यासाठी हॉल्स क्रीकपासून विलूनापर्यंत सुमारे १८५० किलोमीटरच्या मार्गावर मजलदरमजल पाणी हवे होते. ते शोधण्यासाठी कॅनिंग १९०६ साली आठ माणसे व तेवीस उंट घेऊन निघाला. त्याच्या सामानात बेड्या आणि साखळ्याही होत्या.

ही शेवटची बाब वाचकांनी क्षणभर मनात घोळवावी. बर्कचे पिस्तूल रागाच्या भरात झडले. कॅनिंगच्या साखळ्या यादीत लिहून घेतलेल्या होत्या. वाटेत भेटणाऱ्या मूळ रहिवाशांस त्या साखळ्यांनी बांधावयाचे, त्यांच्याकडून एक पाणवठा काढून घ्यावयाचा, मग पुढच्या पाणवठ्यासाठी पुढचा मनुष्य पकडावयाचा, अशी ती योजना होती. आणि ती फलद्रूप झाली. १९०८ ते १९१० या काळात कॅनिंग एकतीस माणसे, सत्तर उंट आणि सुमारे शंभर टन सामान घेऊन पुन्हा गेला व त्याने विहिरी बांधून काढल्या. या मार्गावर आज ५१ क्रमांकांपर्यंत पाणवठे मोजतात. त्यांतील बहुसंख्य हे त्या लोकांचे जुने झरे आणि वाळूतले झिरेच होते. जेथे हाताने वाळू उकरून पाणी काढीत तेथे खोल खड्डा खणून लाकडाचे अस्तर बसविले, वर रहाट आणि अवजड पोहरा आला. तो ओढण्यास उंट किंवा धट्टेकट्टे पुरुष लागत. बायकामुलांस तेथून पाणी काढणे दुरापास्त झाले, आणि उतरण्याचा प्रयत्न करावा तर आत पडण्याचे भय होते. १९२९ साली दुरुस्तीस गेलेल्या विल्यम स्नेल याने हा दोष ओळखून काही विहिरींस शिड्या बसविल्या, म्हणजे तो दोष अदृश्य होता असेही नाही.

तहान लागण्यापूर्वी विहीर खणावी हे आपल्या म्हणीचे सार. कॅनिंगने ते अक्षरशः पाळले; गुरांस तहान लागण्याच्या आधी त्याने त्यांच्यासाठी विहिरी खणून ठेवल्या. दूरदृष्टीचा याहून चोख नमुना कोणता दाखविता येईल? आणि तरीही काही तरी भयंकर चुकले आहे असे आपले मन सांगते. म्हण आपणांस एवढेच विचारते की विहीर केव्हा खणली. कोणाच्या झऱ्यावर खणली, आणि तो कसा सापडला, हे ती विचारीत नाही. केवळ शहाणपण आणि नीती यांच्यातील अंतर हे एवढेच आहे, पण ते फार मोठे आहे.

याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला कालाचा. तो काळच तसा होता. आजच्या मापाने त्या माणसांस मोजू नये. यास उत्तर कॅनिंगच्याच तांड्यात होते. त्याचा आचारी एडवर्ड ब्लेक याने हा सर्व प्रकार डोळ्यांनी पाहिला आणि परत आल्यावर तक्रार केली. त्यावरून १९०८ साली चौकशीसाठी शाही आयोग नेमण्यात आला. आयोगाने कॅनिंगला व त्याच्या लोकांना दोषमुक्त ठरविले. परंतु ब्लेक त्याच काळातला, त्याच देशातला, त्याच चुलीवर शिजलेले खाणारा मनुष्य होता. काळाला दिसत नव्हते असे म्हणावे, तर त्या आचाऱ्याला कसे दिसले?

दुसरा आक्षेप आवश्यकतेचा. पाणी न सापडते तर तांड्यातली माणसे मेली असती. जीव वाचविण्यासाठी केलेल्या कृत्यास नीतीचे नियम कसे लावावयाचे? हा आक्षेप वजनदार आहे. तहानेने प्राण कंठाशी आलेल्या माणसाने दुसऱ्याचे मडके विचारल्यावाचून तोंडास लावले तर त्याला मीही दोष देणार नाही. परंतु आवश्यकता दोन प्रकारची असते : जी अंगावर येऊन कोसळते ती एक, आणि जी आपण स्वतः निघण्यापूर्वी बांधून ठेवतो ती दुसरी. ज्याने साखळी सामानात घातली त्याला पुढे तहानेची सबब सांगता येणार नाही. त्याची तहान त्याने आधीच दुसऱ्याच्या नावे लिहिली होती. पूर्वतयारी ही नीतीची बाब होते ती याच ठिकाणी. संकटाच्या क्षणी माणसाचे स्वातंत्र्य फार थोडे असते. त्याचे खरे स्वातंत्र्य आदल्या महिन्यात असते, जेव्हा तो घरी दिव्याखाली बसून यादी करीत असतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचे वचन आपण महाविद्यालयात शिकवितो. ते वाळूत मोडत नाही, ते यादीतच मोडलेले असते.

तिसरा आक्षेप फलाचा : मार्ग झाला, देशाचा लाभ झाला. वस्तुतः लाभ बेताचाच झाला. १९११ साली पहिली गुरे निघाली तेव्हा ३७व्या विहिरीजवळ तीन गुराखी मारले गेले; त्याचा सूड म्हणून निघालेल्या पोलिस तुकडीने दहा तरी मूळ रहिवाशांस ठार केले. विहिरींची नासधूस झाली. १९३१ पर्यंतच्या वीस वर्षांत गुरांचे अवघे आठ कळप त्या वाटेने गेले, आणि १९५९ साली शेवटचा कळप गेला. ज्या माणसांस हिशेबातून वगळले ती हिशेबात परत आली, असे कोणी म्हणेल. पण या युक्तिवादावर मी भर देऊ इच्छीत नाही. मार्ग भरभराटीस आला असता, हजारो गुरे सुखरूप पोहोचली असती, तरी साखळी ती साखळीच राहिली असती. अन्याय फसला म्हणून निंद्य आणि साधला म्हणून क्षम्य, अशी नीती बाजारात चालते. ती विचारवंतांनी उचलू नये.

आता कोणी म्हणेल की, हा सगळा इतिहास झाला. त्याचा आजच्या प्रवाशाशी काय संबंध? संबंध आहे. १९६८ साली प्रथम मोटारींनी हा संपूर्ण मार्ग ओलांडला आणि तेव्हापासून अनेक हौशी प्रवासी त्या वाटेस लागले. नऊशेहून अधिक वाळूच्या टेकड्या चढावयाच्या, दोन-तीन आठवडे निर्जन प्रदेशात काढावयाचे. अशा प्रवासाची यादी करणे हे मोठे बोधप्रद काम आहे. वाळूत शंभर किलोमीटरला वीस लिटर तेल जळेल असे धरले तर १८५० किलोमीटरला ३७० लिटर झाले. पण तेवढे तेल लादले की गाडी जड होते आणि जड गाडी अधिक तेल पिते. पाण्याचे तसेच. माणशी रोज पाच लिटर धरले तर चौघांना एकवीस दिवसांस ४२० लिटर, म्हणजे ४२० किलो वजन. सगळे बरोबर नेणे जवळजवळ अशक्य. म्हणून यादी करणारा नकाशावर बोट ठेवतो आणि म्हणतो, अमुक विहीर दुरुस्त आहे, तेथे पाणी भरून घेऊ. तेहतिसाव्या विहिरीजवळ कुनावरीजी हे गाव आहे, तेथे तेल घेऊ. त्या विहिरी कोणाच्या झऱ्यांवर आहेत हे आपण पाहिले. कुनावरीजी हे गावही मूळ रहिवाशांचेच. गणित कितीही काटेकोर केले तरी अखेर कोणाच्या तरी पाणवठ्याशी येऊनच थांबते.

फरक इतकाच की, आज विचारावे लागते. २००२ साली या प्रदेशातील मार्टू लोकांचा त्यांच्या भूमीवरील पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला. इतर समाजांविषयीचे निर्णय पुढील काही वर्षांत झाले. आता त्यांच्या भूमीतून जावयाचे तर त्यांचा परवाना घ्यावा लागतो. ते नाही म्हणू शकतात, वाट बंद ठेवू शकतात. काही प्रवाशांस हा परवाना म्हणजे कटकट वाटते, आणखी एक कागद वाटतो. मला तो यादीतील सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो. किंगने जे हात पसरून मागितले आणि कॅनिंगने जे साखळीने ओढून घेतले, ते मिळण्याची सभ्य रीत म्हणजे हा कागद आहे. जो नाही म्हणू शकतो त्याच्याच होकारास अर्थ असतो.

इतका हिशेब मांडून निघावयाचे, तर मग साहस कोठे उरले, अशी शंका तरुण वाचकांच्या मनात येईल. मला वाटते, हिशेब पुरा केल्यानंतर जे उरते तेच साहस. टेकडीपलीकडून येणारी दुसरी गाडी वेळेवर दिसेल की नाही, कोरड्या तळ्याचा तळ ऐन वेळी चिखल होईल की काय, आपले मन तिसऱ्या आठवड्यापर्यंत खंबीर राहील काय, हे कोणत्याही यादीत मावत नाही. तेवढे भय माणसाने खुशाल आपल्या छातीवर घ्यावे. ते त्याच्या मालकीचे आहे. पण जे भय यादीने टळण्याजोगे होते ते टाळल्यावाचून निघणे म्हणजे आपल्या शौर्याचा खर्च शोधावयास येणाऱ्यांच्या, वाट पाहणाऱ्यांच्या आणि वाटेत भेटणाऱ्यांच्या माथी मारणे होय.

आपणांपैकी फार थोडे लोक ते वाळवंट ओलांडावयास जातील. परंतु कर्ज काढून व्यापारात उडी घेणारा गृहस्थ, परदेशची वाट धरणारा मुलगा, निवृत्तीनंतर कोठे राहावे हे ठरविणारे जोडपे, हे सर्व कोठल्या ना कोठल्या यादीपुढे बसलेले असतात. यादीत वस्तू असतात, रकमा असतात, तारखा असतात. तिच्या कडेला आणखी एक रकाना आखावा असे माझे मागणे आहे. प्रत्येक बाबीपुढे त्या रकान्यात लिहावे : हे कमी पडले तर कोणाच्या वाट्यातून घेतले जाईल, आणि त्या माणसास आपण विचारले आहे काय? पुष्कळदा त्या रकान्यात बायकोचे नाव येईल, धाकट्या भावाचे येईल, म्हाताऱ्या आईचे येईल. आणि पुढे ‘विचारले नाही’ असे लिहावे लागेल. तसे लिहावे लागले तर प्रवास रहित करण्याचे कारण नाही. उठून त्या माणसाकडे जावे, आणि निघण्यापूर्वी विचारावे.